घेणाऱ्याची पाच पावलं

मला बिबट्याची भीती कधी वाटली नाही. हा काही पराक्रम नव्हे. निफाड तालुक्यात लहानाची मोठी झालेल्या कुणालाही विचारा, बिबट्या आमच्याकडे उसात राहतो, कुत्री-कोंबड्या नेतो आणि पिंजऱ्यात सापडला की शाळा सुटल्यावर पोरं त्याला बघायला जातात. वनरक्षक म्हणून माझी निवड झाली तेव्हा पिंपळगावातल्या शेजारणी आईला विचारायच्या, पोरीला जनावरांची भीती नाही का वाटणार? आई म्हणायची, तिकडच्या जंगलात काय असणार, सगळे तर इकडेच आलेत.

मला भीती वाटायची ती हरवण्याची, आणि ती मी आईलाही सांगितली नव्हती. द्राक्षबागांच्या मुलखात हरवायची सोयच नाही. ओळी सरळ, ओळींतले खांब सरळ. वडिलांनी बांधावरून हाक मारून कुठे आहेस विचारलं तर सांगायचं, अकरावी ओळ, विहिरीकडून. पण एखाद्या लग्नाला परक्या गावी गेलं आणि दोन गल्ल्या वळल्या की मी आल्या वाटेने परत फिरायची. नाशिकला कॉलेजात असताना मी बसथांब्यापासून वर्गापर्यंत तीन वर्षं एकाच रस्त्याने गेले. जवळचा रस्ता दुसराच आहे हे शेवटच्या वर्षी मैत्रिणीने दाखवलं, तरी मी जुन्यानेच जात राहिले.

अशा मुलीने जंगलातली नोकरी का धरली, असं कुणीही विचारेल. जाहिरात आली, मी पळण्यात चांगली होते, आणि लेखी परीक्षेत दिशांवर जे दोन प्रश्न आले ते कागदावर सोडवायचे होते. कागदावर मला सगळ्या दिशा कळतात.

नेमणूक मिळाली पेठ तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी काठावर. माझ्यावरच्या वनपाल साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं आणि एक हट्ट होता. नवीन माणसाने पहिले सहा महिने जीपीएसला हात लावायचा नाही. आधी पाय, मग कंपास, मग टेप, आणि हे सगळं अंगात मुरलं की यंत्र. ते यंत्र साहेब कपाटात ठेवत आणि किल्ली स्वतःच्या खिशात. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पायांची शिकवणी डांबरी रस्त्यावर सुरू झाली. साहेबांनी रस्त्याच्या कडेला शंभर मीटर टेपने मोजून दोन टोकांना दगड ठेवले आणि मला म्हणाले, चाला, रोज बाजाराला जाता तशा, आणि पावलं मोजा. तीनदा चालले. एकशे बत्तीस, एकशे तेहतीस, एकशे बत्तीस. साहेब खूश झाले. म्हणाले, हा तुमचा गज. आता जंगलात टेप नसली तरी तुम्हाला अंतर कळेल, एकशे बत्तीस पावलं झाली की शंभर मीटर झाले. चढाला थोडी जास्त लागतील, तेही मोजून ठेवायचं.

मग झाडं आली. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. पण छाती कुणाची? साहेबांची आणि माझी एका उंचीची नाही. सरकारी छाती जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर असते, ती माझ्या सदऱ्याच्या वरून दुसऱ्या बटणापाशी येते. उतारावर असाल तर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. उंचीसाठी हाताएवढी सरळ काठी घ्यायची, हात ताठ करून ती उभी धरायची आणि मागे मागे सरकायचं. काठीच्या एका टोकाला झाडाचा बुंधा आणि दुसऱ्याला शेंडा आला की तुम्ही झाडापासून जेवढ्या लांब तेवढी त्याची उंची. हे मला मनापासून आवडलं. झाड मोजताना मी कुठेही जात नसते, एका जागी असते. साग, सादडा, हिरडा, सगळ्यांना मी बटणाशी उभं करून मोजलं आणि वहीत लिहिलं. त्या पंधरा दिवसांत मला वाटायला लागलं होतं की ही नोकरी मला जमेल.

कंपास शिकवताना आमच्याबरोबर बाबा आले. बाबा म्हणजे आमच्याकडचे रोजंदारीवरचे वनमजूर, जवळच्याच पाड्यावर राहणारे. साठीच्या आसपासचं वय, अंगाने काटक, पायात प्लास्टिकचे बूट आणि कमरेला मागे लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता. सगळे त्यांना बाबा म्हणायचे, साहेबसुद्धा. मी कंपास हातात धरला, सुई स्थिर झाली, आणि बाबा माझ्या खांद्यावरून बघायला वाकले तशी सुई वीसेक अंश सरकली. मी घाबरून साहेबांना सांगितलं की यंत्र बिघडलं. साहेब हसत हसत खाली बसले. कोयत्याचं लोखंड सुईला ओढतं, एवढी साधी गोष्ट. बाबांना फार अपराधी वाटलं. त्या दिवसापासून माझ्या हातात कंपास दिसला की ते दहा हात लांब जाऊन उभे राहत.

जंगलात पावलं मोजायचा पहिला दिवस आला तेव्हा माझं पितळ उघडं पडलं. साहेबांनी हद्दीच्या बुरुजापासून, म्हणजे दगड रचून चुना लावलेला ढीग असतो त्यापासून, एक दिशा दिली आणि सांगितलं, तीनशे मीटर जाऊन खुंटी ठोका. मी चालू लागले. सुरुवातीला बुरूज मागे दिसत होता तोवर ठीक होतं. मग तो दिसेनासा झाला. पुढे झाडं, मागे झाडं, आणि सगळी सारखीच. तरी मोजणं चालू ठेवलं. चढ धरून हिशोब केलेली पावलं झाली आणि मी खुंटी ठोकली.

साहेब, बाबा आणि दोन मजूर टेप ताणत मागून आले. खुंटी दोनशे साठ मीटरवर निघाली. साहेबांनी पुन्हा चालायला लावलं. या वेळी दोनशे पंचावन्न.

साहेब म्हणाले, "कंपास बरोबर आहे, मोजणीही बरोबर आहे. पाय घाबरलेत तुमचे, मॅडम. घाबरलेला माणूस आखूड चालतो."

हे त्यांनी तिन्ही मजुरांसमोर म्हटलं. दोघांनी मान फिरवली आणि बाबा जमिनीकडे बघत राहिले.  जे मी आईपासून लपवलं होतं ते साहेबांनी टेपने मोजून काढलं होतं. चाळीस मीटर. एवढी माझी भीती भरली होती.

नंतर चहा पिताना साहेबांनी तोडगा काढला. कंपास मॅडमनी धरायचा, तो त्यांना छान जमतो, आणि पावलं बाबांनी मोजायची. बाबांचे पाय काही घाबरत नाहीत. त्यांची शंभर मीटरला बरोबर दीडशे पावलं भरली होती, लहान पण एकसारखी, चढाला-उताराला फरक नाही. साहेबांनी त्यांना चालायला लावून मोजणी स्वतः केली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

गणपती उठून दोन आठवडे झाले होते. नाशिकात लोक म्हणत पाऊस गेला. पेठच्या बाजूला तो जात नाही, नुसता ढगांतून खाली येऊन झाडांत बसतो. आमच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, नमुन्यासाठी काही ठिकाणं आखून झाडं मोजायची होती, त्यातलं एक कड्याच्या अंगाला होतं. साहेबांना त्या दिवशी तालुक्याला बैठक होती. निघताना त्यांनी मला नकाशावर दाखवलं. बुरुजापासून या दिशेने एक हजार मीटर, म्हणजे बाबांची दीड हजार पावलं. तिथे मधोमध खुंटी मारा आणि चारी बाजूंना सोळा-सोळा मीटर टेप टाकून चौकोन आखा. कडा तिथून पुढे साठ मीटरवर आहे, म्हणजे भरपूर जागा आहे, काळजीचं कारण नाही.

काळजीचं कारण नाही, असं मला कुणी सांगितलं की मी तिथूनच काळजी सुरू करते. बुरुजाकडे जाताना बाबांना कड्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, मोठा हाय, गेल्या साली पाड्यावरच्या दोन म्हशी गेल्या तिथून, धुक्यात दिसलं नाय त्यांना. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण ते लगेच म्हणाले की म्हशींना मोजता येत नव्हतं.

बुरुजापाशी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील आणि धुकं उतरायला लागलं होतं. परत फिरावं असं मला वाटलं. अगदी पायापर्यंत वाटलं. पण परत जाऊन साहेबांना काय सांगणार? पाय घाबरलेत हे एकदा ऐकलं होतं, पुन्हा ऐकायचं नव्हतं. एका वाक्याच्या लाजेपायी मी त्या धुक्यात शिरले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी माणूस असला शहाणपणा करतो.

काम करायची पद्धत अशी होती. मी कंपास धरून एका जागी उभं राहायचं. बाबांनी माझ्या पुढे, दिसतील तिथवर चालत जायचं. मी सुईकडे बघून हाताने डावं-उजवं दाखवायचं आणि ते नेमके रेषेवर आले की थांबा म्हणायचं. मग मी त्यांच्यापर्यंत जायचं, की पुन्हा ते पुढे. पावलं त्यांनी मोजायची. त्यांनी पायजम्याच्या उजव्या खिशात पंधरा खडे घेतले होते, शंभर झाले की एक खडा डाव्या खिशात. पंधरावा खडा गेला की जागा आली.

पहिले तीन-चार खडे बरे गेले. मग धुकं एवढं दाटलं की बाबा दहा-बारा पावलांवर पुसले जायचे. हात दाखवून उपयोग नव्हता. मी आवाजाने सांगू लागले, थोडं डावं, बास, आता सरळ. त्यांचा आवाज यायचा, "आलो का वाटंवर?" मी म्हणायचे, आलात. ते ज्या बाजूला आहेत असं वाटायचं तिथून आवाज यायचा नाही, भलतीकडून यायचा. झाडांवरून पाणी ठिबकत होतं आणि दर थेंबाला मला कुणीतरी मागे आहे असं वाटत होतं. मी मान वळवून बघायची. मागे काहीच नव्हतं. बुरूज नव्हता, वाट नव्हती, आम्ही आलो त्याची खूणसुद्धा नव्हती.

सातव्या खड्यानंतर मी नियम मोडला. पिशवीतून मोबाईल काढून चालू केला. रेंज नव्हतीच. नकाशाच्या जागी नुसता राखाडी चौकोन आला आणि त्यात एक निळा ठिपका. तो कधी इकडे सरकायचा, कधी तिकडे. मी तर एका जागी उभी होते. मी मोबाईल बंद करून परत पिशवीत टाकला.

पण खरी भीती मला नंतर आली, दहाव्या-अकराव्या खड्यापाशी. तोवर मी स्वतःसाठी घाबरत होते, त्याची मला सवय होती. मग लक्षात आलं की पुढे मी नाहीच. पुढे बाबा आहेत. कडा असेल तिथे आधी त्यांचा पाय पडणार, आणि त्यांना त्या बाजूला मी पाठवतेय. डावं, उजवं, सरळ, आणखी पुढे. ते माझ्या शब्दावर चालत होते आणि एकदाही मागे वळून विचारत नव्हते की मॅडम, नक्की ना? त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मी कंपास दोन्ही हातांत धरून सुई बघत राहिले आणि मनातल्या मनात एकच घोकत राहिले, कडा साठ मीटर पुढे आहे, साठ मीटर पुढे आहे.

पंधरावा खडा डाव्या खिशात गेला. बाबा म्हणाले, झालं, भरलं. आम्ही खुंटी ठोकली. त्यांनी टेपचं टोक हातात घेतलं आणि विचारलं, आधी कुठल्या बाजूला? मी कंपास बघून दाखवलं, आलो तसंच पुढे, सोळा मीटर. ते धुक्यात गेले. चार पावलांत त्यांचे बूट दिसेनासे झाले, मग कोयता, मग सगळेच.

टेप माझ्या हातातल्या डबीतून सुटत होती. एक मीटर, दोन, तीन. मी आकडे बघत होते. चार, पाच. आणि तेव्हा माझ्या हनुवटीखाली गार लागलं. इतका वेळ वारा होता तो बाजूने होता, झाडांतून येणारा. हा खालून येत होता. जमिनीतून वर आल्यासारखा गळ्याला लागत होता आणि धुकंही त्याच्याबरोबर खालून वर चढत होतं. त्याचा अर्थ मला साहेबांनी शिकवला नव्हता आणि मीही तो लावला नाही. लावायला वेळच नव्हता. माझ्या मुठी आपोआप वळल्या आणि टेप थांबली.

पुढून हलकासा ओढा आला. मी सोडली नाही. पुन्हा ओढा आला, जरा जोरात. टेप झुडपात अडकली असं त्यांना वाटलं असणार. मला ओरडायचं होतं आणि बोबडी वळली होती.  टेप हाताला कापत होती. तिसऱ्यांदा त्यांनी ओढली तेव्हा मी सगळं अंग मागे टाकलं.

बाबांचा आवाज आला, "सोडा ना, मॅडम."

मग कुठे माझा आवाज फुटला. मी म्हटलं, "बाबा, खाली बसा. आहात तिथेच खाली बसा."

ते बसले असावेत, कारण टेप खाली गेली. मी ती सोडली नाही. हातावर हात टाकत, टेप धरून, वाकून, एकेक पाऊल चाचपत मी पुढे गेले. बाबा कारवीच्या झुडपाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या पुढे कारवीची आणखी एक रांग होती, तिच्यापुढे हातभर गवत, आणि मग काही नव्हतं. आधी मला ते धुकंच वाटलं. मग वाऱ्याने ते जरासं फाटलं आणि खूप खाली एका झाडाचा शेंडा वरून दिसला. झाड वरून कसं दिसतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं.

बाबांनीही पाहिलं.  मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही दोघं बसूनच मागे सरकत आलो, खुंटीच्याही मागे, एका सादड्याच्या बुंध्याशी. टेपवर मी अंगठ्याने धरलं होतं तिथे सात मीटर वीस होते. अजून नऊ मीटर त्यांना जायचं होतं.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मी बाबांवर ओरडले. वयाने वडिलांहून मोठ्या माणसावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. मोजलंत का नीट? खडे किती? त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. उजवा रिकामा, डाव्यात पंधरा. मी म्हटलं, मग कडा इथे कसा आला? कंपास बरोबर होता. मी दर वेळी बघितला होता, कोयताही लांब होता. मला शंभर मोजून दाखवा. आत्ता, इथेच, तोंडाने.

बाबांनी मोजायला सुरुवात केली. ते विसाविसांनी मोजत. एक वीस झाले की एक बोट दुमडायचे. पाच बोटं दुमडली, शंभर झाले, आणि ते थांबले नाहीत. त्याच सुरात एक, दोन, तीन, चार, पाच म्हणाले आणि मग खडा उचलला.

मी विचारलं, "हे पाच कसले?"

"ते घेणाऱ्याचे."

त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळीनंतर त्यांच्या पाड्यावरची सगळी माणसं डोंगराचं गवत कापतात आणि पेंढ्या बांधून विकतात. व्यापाऱ्याची गाडी येते. शंभराला एकशे पाच पेंढ्या टाकायच्या, ही तिथली रीत. पाच घेणाऱ्याच्या. न टाकता बरोब्बर शंभर मोजल्या तर तो मधलीच एखादी चपटी पेंढी काढून कमी भरलं म्हणतो आणि कधीकधी गाडी तशीच सोडून जातो. त्यांचा बाप तसंच मोजायचा. लहानपणापासून त्यांनी शंभर म्हणजे हेच मोजलं होतं. साहेबांनी त्यांची पावलं मोजली तेव्हा मोजणारे साहेब होते, बाबा नुसते चालले होते.

मी म्हटलं, "पण बाबा, ही पावलं आहेत. पेंढ्या नाहीत."

"ते ठावं हाय मला." ते खड्यांकडे बघत बोलत होते. "पन साहेब तुमाला बोलला ना सगळ्यांपुढं, कमी भरलं म्हनून. मी म्हनलं, माज्या हातून तुमचं कमी नको पडाया. जास्त झालं तं कोन बोलतं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. पंधरा पंचे पंचाहत्तर पावलं. पन्नास मीटर; कड्यापर्यंतच्या साठातले दहाच उरले होते. मी भिऊन आखूड चालत होते आणि ते भिऊन जास्त देत होते, आयुष्यभर, प्रत्येक शंभराला. मला वाटायचं बाबांना भीती माहीतच नाही. साहेबांनाही तसंच वाटायचं. त्यांची भीती टेपवर दिसण्यासारखी नव्हती, कारण ती कधी कमी भरत नसे. आणि ह्या वेळी ती माझ्यासाठी होती. माझी लाज झाकायला म्हणून हा माणूस एकेक शंभराला पाच पाच पावलं कड्याकडे गेला होता, आणि पाठवत होते मी.

मी त्यांना सॉरी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही. ते म्हणाले, तुमी धरून ठिवली ना.  त्यांनी खिशातून तंबाखू काढली आणि मळायला लागले, पण अर्धी खाली सांडली. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

धुकं उठायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ते दुपारी आणखी दाटतं हे दोघांनाही माहीत होतं. परतीची दिशा मी कंपासच्या चकतीवर लावली. आलो त्याच्या बरोबर उलटी, म्हणजे अंशांत एकशे ऐंशीचा फरक. आणि मग मी कंपास बाबांच्या हातात दिला. ते नको नको म्हणाले, आकडे कळत नाहीत म्हणाले. मी सांगितलं, आकडे बघूच नका. ही लाल सुई या लाल घरात राहील असं धरा आणि पुढची रेघ जिकडे दाखवते तिकडे मला पाठवा. सुई घराबाहेर गेली की मला थांबवा. कोयता कमरेचा काढा, तो मी नेते. त्यांनी विचारलं, आणि पुढं कोन? मी म्हटलं, पुढे मी.

हे मी धीर आला म्हणून म्हटलं नाही.  मागे उभं राहून दुसऱ्याला धुक्यात पाठवायचं, ते मला पुन्हा जमणार नव्हतं. पुढे मी गेले तर निदान भीती आणि पाय एकाच माणसाचे राहतील, एवढाच विचार होता.

टेपचं टोक मी मनगटाला गुंडाळलं, डबी बाबांकडे राहिली. मी धुक्यात शिरले. दहा पावलांवर मागे पाहिलं तर बाबा नव्हते, नुसती पिवळी टेप होती, हवेत जाऊन संपलेली. मागून आवाज आला, जरा उजवं, मॅडम. मी उजवीकडे सरकले. आवाज आला, बास. मी थांबले आणि ते माझ्यापर्यंत चालत आले, पावलं मोजत, या वेळी मोठ्याने. वीस. पुन्हा मी पुढे. पुन्हा त्यांचा आवाज, पुन्हा मोजत येणारी पावलं, धुक्यातून जवळ जवळ येणारी. चाळीस, साठ, ऐंशी.

ऐंशीच्या पुढे मी श्वास धरून ऐकत होते. नव्वद. पंच्याण्णव. शंभर झाले आणि ते मध्येच थांबले, माझ्यापासून चार-पाच पावलांवर. दिसत नव्हते, पण धाप ऐकू येत होती. मनगटाची टेप ताणलेली नव्हती, तरी मला कळत होतं की ते एक पाय पुढे घेऊन उभे आहेत. बराच वेळ गेला. मी टेप ओढली नाही.

मग पुढचं पाऊल न पडताच खडा खिशात पडल्याचा आवाज आला, आणि बाबा हळूच म्हणाले, "एक."